पेठ तालुक्यातलं एक ब्रँच पोस्ट ऑफिस: तोटा नेमका कुणाच्या खात्यात?

नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठच्या बाजूला लागलं की मेन रोडपासून आत आत गावं आणि पाडे आहेत, भात, नागली, वरईची शेती, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी वणवण. तसल्या एका गावातलं ब्रँच पोस्ट ऑफिस मी या केससाठी घेतलंय. परिस्थिती अशी की चार किलोमीटरवर टेकडीच्या पलीकडे दुसरं ब्रँच ऑफिस आहे, दोन्हीकडे टपाल कमी, दोन्हीकडे उत्पन्न कमी, मग यातलं एक बंद करून दुसऱ्यात मर्ज केलं तर डाक खात्याचे पैसे वाचतील का? कागदावर बघितलं तर उत्तर सरळ हो असं येतं. मला ते उत्तर पटत नाही, आणि का पटत नाही ते आकड्यांनीच मांडायचंय, भावनेने नाही.

गावाचं नाव देत नाही, आणि खाली जे हिशोब आहेत ते त्या ऑफिसच्या वहीतले नाहीत. डाक खात्याचे नियम, डाकसेवकांच्या पगाराची जाहीर पातळी आणि मजुरीचे सरकारी दर एवढ्यावरून मांडलेत, जिथे मी अंदाज धरलाय तिथे "समजा" असं लिहिलंय. म्हणजे सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या आतल्या भागातल्या कुठल्याही शाखेला तुम्ही ते लावून बघू शकता.

आधी ऑफिस म्हणजे काय ते सांगतो, कारण शहरात राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पोस्ट ऑफिस म्हटलं की लाल पाटी, लांब काउंटर आणि पंखे असलेली बिल्डिंग येते. इथे तसं काही नाही. बीपीएम म्हणजे ब्रँच पोस्टमास्तर, त्या ताईंच्या राहत्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. जागा त्यांनीच द्यायची, भत्ता अगदी किरकोळ. एक टेबल, एक लोखंडी पेटी, तारखेचा शिक्का, एक मोबाईल, एक बोटाचा स्कॅनर. सोबत एबीपीएम, म्हणजे गावच्या भाषेत पोस्टमन, तो पाड्यापाड्यावर टपाल वाटतो आणि बॅग आणतो-नेतो. हे दोघेही ग्रामीण डाकसेवक, म्हणजे खात्याचे पूर्ण नोकरदार नाहीत, रेग्युलर सरकारी पेन्शन नाही, दिवसाचे चार किंवा पाच तास काम धरलेलं आणि पोटापाण्याला दुसरं काहीतरी असलं पाहिजे हे नियमातच आहे. देशात साधारण १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास ग्रामीण, आणि त्यातलीही बहुतेक अशीच कुणाच्या तरी घराच्या ओटीवर चाललेली.

आता खर्च. डाकसेवकांच्या पगारासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी २०१८ मध्ये लागू झाल्या, त्यात चार तासांच्या बीपीएमला सुरुवातीला १२,००० आणि एबीपीएमला १०,००० ठरले. त्यावर महागाई भत्ता, जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला. म्हणजे ताईंचे १८,९६० आणि पोस्टमनचे १५,८००, दोघांचे मिळून महिन्याला ३४,७६०. वर्षाचे ४ लाख १७ हजार. स्टेशनरी, बॅगेची वाहतूक, मशीन हे वेगळं, पण मोठा खर्च हाच.

उत्पन्नाचा नियमही इंटरेस्टिंग आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. ग्रामीण शाखा पूर्ण खर्च काढेल अशी अपेक्षा खात्याने कधी ठेवलीच नव्हती. साध्या ग्रामीण भागात शाखेने खर्चाच्या ३३.३३ टक्के उत्पन्न आणावं आणि डोंगरी, आदिवासी, वाळवंटी भागात १५ टक्के आणावं, असा निकष आहे. दोन ऑफिसांमध्ये निदान ३ किलोमीटर अंतर असावं हा दुसरा निकष. पेठ तालुका आदिवासी, त्यामुळे आपल्या ऑफिसला वर्षाला साधारण ६२,५०० म्हणजे महिन्याला ५,२०० च्या आसपास उत्पन्न दाखवायचंय. बाकीचे ८५ टक्के सरकारने जाणूनबुजून सोसायचे, असं ठरवूनच हे ऑफिस उघडलं गेलं. मग पन्नास वर्षांनी कुणीतरी एक्सेल शीट उघडून तीच रक्कम "लॉस" कॉलममध्ये टाकतो आणि ऑफिस आजारी ठरतं. माझा पहिला आक्षेप इथेच आहे, जो खर्च आपण विचार करून पत्करला त्याला नंतर कर्मचाऱ्याचा नाकर्तेपणा म्हणणं हा अन्याय आहे.

तूट खोटी आहे असं मात्र मी म्हणत नाही. २०१८-१९ ला डाक विभागाची तूट १५ हजार कोटींच्या आसपास गेली होती, बीएसएनएल आणि एअर इंडियापेक्षा जास्त, पेपरात बातमी होती. त्याच वेळी जे आकडे बाहेर आले त्यात एका पोस्टकार्डामागे खात्याचा खर्च १२ रुपये १५ पैसे आणि मिळकत ५० पैसे असं होतं. हे वाचून सगळे पोस्टकार्डावर घसरले. पण आता पोस्टकार्ड टाकतं कोण, किती? एकेका कार्डावरचा तोटा मोठा दिसतो, पण कार्डंच उरली नाहीत तर १५ हजार कोटीत त्याचा वाटा किती असणार. त्याचा दर दोन-तीन रुपये करा, कुणी रस्त्यावर येणार नाही, पण त्याने पोस्ट वाचेल असं समजू नका. खरा खर्च पगार आणि पेन्शनचा आहे, आणि पेन्शनचा भाग तर ऑफिसं बंद करूनही कमी होत नाही कारण ती आधीच निवृत्त झालेल्यांची आहे.

त्या खोलीत महिन्याच्या एका दिवशी काय चालतं

लाडक्या बहिणीचे १,५०० जमा झाले की दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओटीवर बायका बसलेल्या असतात. २०२४ च्या जुलैला योजना आली तेव्हा आधार लिंक खातं पाहिजे होतं आणि बँकेत रांगा, त्यामुळे खूप जणींनी पोस्टाच्याच पेमेंट्स बँकेचं खातं काढलं, खातं काढायला शून्य रुपये लागतात आणि ताई घरी येऊन काढून देतात. त्यात पीएम किसानचे २,०००, कुणाची रोजगार हमीची मजुरी, कुणाची निराधारची पेन्शन.

पैसे काढायची पद्धत म्हणजे आधार नंबर टाकायचा, स्कॅनरवर बोट ठेवायचं, मॅच झालं की पैसे हातात. ऐकायला दोन मिनिटांचं काम. पण या बायका ऑक्टोबर छाटणीच्या सीझनला दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत जातात, काडीला पेस्ट लावायचं काम करतात, नंतर विरळणी, नंतर खुडे, आणि घरी आल्या की भातलावणी आहेच, बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. स्कॅनरवर लाल लाईट येते. मग ताई ओल्या फडक्याने बोट पुसतात, पुन्हा लावतात, अंगठा नाही तर तर्जनी, ती नाही तर डाव्या हाताचं मधलं, मध्येच खोबरेलाचा हात, तेवढ्यात रेंज जाते आणि मोबाईल घेऊन ताई खिडकीच्या त्या एका कोपऱ्यात जाऊन उभ्या राहतात जिथे दोन कांड्या येतात. "मावशी, जोरात दाबू नका, नुसतं टेकवा." "अगं टेकवलंय की, माझं बोटच मेलंय आता." असं करत करत एकीचं होतं, मग पुढची. हे मशीन बनवणाऱ्याने आणि हे धोरण लिहिणाऱ्याने एकदा त्या ओटीवर बसून बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण या कामाला चार तास पुरत नाहीत आणि ताई बारानंतर कुणाला परत पाठवत नाहीत, गावातलीच बाई आहे, पाठवणार कशी.

आता या एका व्यवहारातून पोस्टाला मिळतं काय ते बघा. दुसऱ्या बँकेच्या खात्यातले पैसे आधारवर काढले तर ती बँक पैसे देणाऱ्या बँकेला इंटरचेंज, म्हणजे ठरलेलं शुल्क देते, रकमेच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त १५ रुपये. म्हणजे १,५०० काढले तर साडेसात रुपये. आणि खातं पोस्ट पेमेंट्स बँकेचंच असेल तर तेही नाही. समजा महिन्याला १०० बायका आल्या आणि सगळ्यांची खाती दुसऱ्या बँकेत आहेत असं धरलं तरी ७५० रुपये. ५,२०० च्या टार्गेटमध्ये हे ७५०, त्यातही डाक विभाग आणि पेमेंट्स बँक या दोन वेगळ्या पाट्या, म्हणजे हिशोब वेगवेगळे.

बंद केलं तर

इथे केसचा मुख्य भाग येतो. टेकडीपलीकडच्या गावात मर्ज करा म्हणणं सोपं आहे, पण या दोन गावांमध्ये एसटी नाही. दोन्ही गावांची एसटी जाते पेठला. त्यामुळे ऑफिस बंद झालं की बाई चार किलोमीटर डोंगर चढून पलीकडे जाणार नाही, ती सरळ पेठला जाईल. तिकीट बायकांना अर्धं, २०२३ च्या मार्चपासून, तरी समजा जाऊन-येऊन ४० रुपये. सकाळच्या गाडीने गेली, रांगेत थांबली, नेट डाऊन असेल तर आणखी थांबली, दुपारच्या गाडीने आली, दिवस मोडला. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. म्हणजे १,५०० काढायला ३५२ गेले, जवळजवळ चौथा हिस्सा.

समजा १०० बायका. ३५,२०० रुपये दर महिन्याला. आणि ऑफिसचा पूर्ण पगारखर्च होता ३४,७६०.

हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हापासून मला या विषयात गप्प बसवत नाही. तुम्ही म्हणाल की रोज काम कुठे मिळतं, प्रत्येकीची ३१२ ची मजुरी बुडाली असं कसं धरता? बरोबर आहे, निम्मंच धरा, १७,६००. पण मग वाचलेला खर्चही नीट धरा ना. टपाल वाटायला पोस्टमन लागणारच आहे, तो काही जात नाही, मर्ज केल्यावर वाचले तर फक्त बीपीएमचे १८,९६०, आणि तेही लगेच नाही, कारण ताईंना दुसरीकडे सामावून घेतात. म्हणजे खात्याचा फायदा आणि बायकांचं नुकसान जवळपास सारखं निघतं. खर्च कुठेही गेला नाही, दिल्लीच्या बजेटमधून उचलून त्या बायकांच्या पदरात टाकला, आणि तिथे तो कुणी मोजत नाही एवढाच फरक. पोस्टाच्या सुधारणेवर जेवढे रिपोर्ट निघतात त्यात हा कॉलमच नसतो.

याला एक भक्कम उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. बँक मित्र, म्हणजे बँकेचा गावातला एजंट, हेच काम करतो, कमिशनवर करतो, सरकारला पगार पडत नाही. आपले सरकार केंद्रवालाही करतो. खरंच आहे. जिथे गावात चांगला बँक मित्र आहे, दररोज बसतो, हजारामागे वरचे दहा-वीस रुपये कापत नाही, आणि पोस्टात दिवसाला दोन-चारच माणसं येतात, तिथे मी स्वतः म्हणेन की मर्ज करा. सगळी १ लाख ६५ हजार ऑफिसं आहेत तिथेच, आहेत तशीच राहिली पाहिजेत असा हट्ट मला मान्य नाही, नाशिक शहरातच बघा, रिक्षाने दहा मिनिटांच्या आत दोन-दोन सब-ऑफिसं असलेले भाग आहेत, तिथे रेग्युलर स्टाफ, लाईटबिल, जागा, सगळं डबल. मर्ज करायचंच असेल तर तिथून सुरुवात करावी, तिथे वाचणारे पैसेही जास्त आहेत आणि गिऱ्हाईकाला चालत जायचंय ते पाच मिनिटं. पण कमिशनवरचा माणूस तिथेच टिकतो जिथे व्यवहार भरपूर. साडेसात रुपयांचे १०० व्यवहार, त्यावर कोण घर चालवणार? तो दुसऱ्या वर्षी नाशिकला अंबडला कंपनीत जातो, मशीन पेटीत. आपल्या गावात तेच झालंय असं मी म्हणत नाही, पण आतल्या पाड्यांवर ही गोष्ट कुणालाही विचारा.

आजवर काय सुधारणा झाल्या, थोडक्यात

बऱ्याच झाल्या, आणि काही खरंच चांगल्या. १९७२ ला पिनकोड आला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, आपला मराठी माणूस. १९८६ ला स्पीड पोस्ट. मग कॉम्प्युटर, २०१७ च्या शेवटी ग्रामीण शाखांना हातातली मशिनं देणारा दर्पण प्रोजेक्ट, सुमारे १,४०० कोटींचा. २०१८ च्या १ सप्टेंबरला पेमेंट्स बँक, तिने २०२२-२३ ला पहिल्यांदा साधारण २० कोटींचा ऑपरेटिंग नफा दाखवला. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा आला, जून २०२४ पासून लागू, त्यात पत्रं नेण्याची सरकारची मक्तेदारी गेली. २०२५ च्या ऑगस्टला नवीन सॉफ्टवेअर सगळ्या देशात, त्याचे पहिले दिवस काउंटरवरच्या लोकांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत.

आणि १ सप्टेंबर २०२५ ला रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. दोन सारख्या सेवा एक करणं यात गैर काही नाही, पण दर बघा. आधी साधं रजिस्टर पत्र साधारण २६ रुपयांत जायचं, ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराने ५० ग्रॅमपर्यंतचं बाहेरगावचं स्पीड पोस्ट ४७, वर रजिस्ट्रेशनचे ५, वर जीएसटी, म्हणजे साठीच्या पुढे. वकिलाला, बँकेला हे परवडतं. वनहक्काच्या दाव्याची प्रत किंवा जमिनीच्या वादातलं उत्तर पोचपावतीसह पाठवणाऱ्या माणसाला हे दुपटीपेक्षा जास्त झालं. दर वाढवायला हरकत नाही, पण कुणाकडून किती हे ठरवताना कंपन्यांचं बल्क टपाल आणि एकट्या माणसाचं कागदपत्र एका पट्टीने मोजायला नको होतं.

सरकारने नेमलेल्या टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या टास्क फोर्सने २०१४ ला सांगितलं होतं की पोस्टाचे वेगवेगळे धंदे वेगळे काढा, बँक वेगळी, विमा वेगळा, सरकारी सेवा वेगळ्या, वर एक होल्डिंग कंपनी. त्यातली बँक झाली, बाकीचं तसंच राहिलं. मला त्यातला सरकारी सेवा वेगळी काढायचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे पुढे येतो.

बाहेरच्या देशांतून शिकायचं तर अमेरिकेचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. त्यांच्या पोस्टावर २००६ च्या कायद्याने निवृत्तांच्या आरोग्यखर्चाचे पैसे वर्षानुवर्षं आगाऊ बाजूला काढायची सक्ती झाली, आणि दरवर्षी जो प्रचंड तोटा दिसायचा त्यातला मोठा भाग हाच होता. २०२२ ला ती सक्ती काढली. म्हणजे तोट्यातला काही भाग हिशोबाच्या पद्धतीतून जन्मलेला होता. पण सगळा नाही, कारण २०२४ च्या आर्थिक वर्षात पुन्हा साडेनऊ अब्ज डॉलरचा तोटा आलाच. डेन्मार्कने तर २०२५ च्या अखेरीस सरकारी टपालाचं पत्रवाटपच थांबवलं, चारशे वर्षांनी. तिथे सरकारी पत्रव्यवहार जवळजवळ सगळा ऑनलाईन आहे, पेठच्या त्या मावशीचा नाही, त्यामुळे तो रस्ता आपल्याला बंदच आहे.

खरं तर नाशिककरांनी बाहेर बघायचीही गरज नाही. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, १९२५ पासूनचं, देशाची पोस्टाची तिकिटं तिथे छापली जातात, त्याआधी ती इंग्लंडहून छापून यायची. तिकिटांची मागणी घटली तसं प्रेस संपलं का? नाही, पासपोर्ट वाढले, आता ई-पासपोर्ट. २००६ ला सरकारी खात्याची कंपनी झाली, टांकसाळी आणि नोटांचे छापखाने धरून, आणि ती नफ्यात चालते. पण हे सांगून "बघा कंपनी केली की सुधारतं" असं म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. प्रेसचं गिऱ्हाईक सरकार आणि रिझर्व्ह बँक, आणि गिऱ्हाईक प्रत्येक पुस्तिकेचे, प्रत्येक नोटेचे पैसे मोजतं. पासपोर्ट छापून घेतला आणि पैसे दिले नाहीत असं होत नाही. पोस्टाच्या बाबतीत सरकार काम करून घेतं आणि पैसे मात्र तुटीच्या नावाखाली, नाराजीने, वर्षाच्या शेवटी देतं.

मग या ऑफिसचं काय करावं

माझं म्हणणं एवढंच की सरकारने बिल भरावं. बचत खात्यांच्या कामाचे पैसे अर्थ मंत्रालय डाक खात्याला खात्यामागे ठरलेल्या दराने देतंच, ती पद्धत जुनी आहे आणि खात्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यातूनच येतो. मग लाडकी बहीण राज्य सरकारची योजना आहे, तिचे पैसे पाड्यावर हातात द्यायचं काम पोस्ट करतंय, तर राज्याने व्यवहारामागे ठरलेली रक्कम द्यावी. समजा ३० रुपये. १०० व्यवहारांचे ३,०००. बस तिकीट ४० लागतं त्यापेक्षा कमीच. त्यात पीएम किसानचं केंद्राकडून, रोजगार हमीचं, पेन्शनचं, आधारला मोबाईल नंबर जोडून द्यायचं. पेन्शनरच्या हयातीच्या दाखल्याचे ७० रुपये तो पेन्शनर देतोच. तेवढ्यात १५ टक्के काय, त्याच्या वर सहज जाईल. उरलेला भाग सरकारने "दुर्गम भागातली सेवा" म्हणून बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवावा, आधीच मंजूर करावा, आणि मग डाक खात्याचा तोटा म्हणून जो उरेल त्याबद्दल खात्याला फाडून विचारावं. आज सगळं एका पोत्यात असल्यामुळे खरा गलथानपणाही त्या ताईंच्या मागे लपतो.

दुसरं, ऑफिस नाही तर फेऱ्या एकत्र करा. दोन्ही गावांचं टपाल एकाच पोस्टमनने मोटरसायकलवर वाटावं, साधं टपाल दिवसाआड, स्पीड पोस्ट आणि पार्सल रोज. पेट्रोलचे पैसे नीट द्यावेत, सायकलच्या भत्त्यात डोंगर चढत नाही. जो पोस्टमन मोकळा होईल त्याला पैसेवाटपाच्या दिवशी ताईंच्या मदतीला दुसरं मशीन देऊन बसवा.

तिसरं टार्गेटचं. मार्च आला की वरून लॉगिन डे, महालॉगिन, आज एवढी खाती उघडलीच पाहिजेत. १०० रुपयांची आरडी कुणाच्या तरी नावाने उघडायची, पहिला हप्ता बऱ्याचदा डाकसेवकाच्याच खिशातून, दोन महिन्यांनी ती बंद. आकडा वर गेला, पैसा आला नाही, आणि स्वस्तातला अपघात विमा जो खरंच गरीब माणसाच्या कामाचा आहे तोही मग लोक "पोस्टवाल्यांची काहीतरी स्कीम" म्हणून झटकतात. हे थांबवलं पाहिजे. बीपीएमची मोजणी जिवंत खात्यांवर आणि व्यवहारांवर करा, उघडलेल्या पासबुकांवर नको.

आणि कमाई करायची ती शहरात करा, पेठमध्ये नाही. येवल्याची पैठणी, पिंपळगावचा बेदाणा, नाशिकमधल्या घरगुती मसाले-चिवडा करणाऱ्या बायका, सगळे इन्स्टावर ऑर्डर घेतात. पार्सल तयार होतं रात्री नऊला, काउंटर असतं दिवसा. प्रायव्हेट कुरिअरचा पोरगा घरी येऊन घेऊन जातो, कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे कधी जमा होणार त्याचा मेसेज येतो. पोस्टाकडे आज यातलं बरंच कागदावर आहे, पिकअप आहे, ट्रॅकिंग आहे, ओटीपी डिलिव्हरी आली, निर्यातीसाठी डाकघर निर्यात केंद्रं आहेत, पण सातपूर-सिडकोच्या त्या विक्रेत्याला संध्याकाळी आठला दारात माणूस दिसला तरच तो विश्वास ठेवेल. २०२५-२६ च्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी पोस्टाला मोठी सरकारी लॉजिस्टिक संस्था करायचं जाहीर केलं, चांगलंच आहे. त्या संस्थेचा खरा जोर कशात असणार? प्रायव्हेटवाले पेठच्या आतल्या पाड्याचा पिन टाकला की "सर्व्हिस नाही" म्हणतात किंवा पेठला येऊन घेऊन जा म्हणतात, तिथे पोस्ट जातं. शहरातल्या विक्रेत्याला देशातला कुठलाही पिनकोड चालतो हे पोस्ट सांगू शकतं ते याच ताईंच्या जिवावर. ती टोकाची ऑफिसं तोडली तर विकायला उरतं काय, नाशिक-पुणे-मुंबई, आणि तिथे तर दहा कुरिअर आधीच बसलेत.

या केसमध्ये निर्णय घ्यायचा असेल तर मी असा घेईन: हे ऑफिस चालू ठेवा, वेळ चार तासांवरून पाच करा. पाच तासांच्या बीपीएमचं मूळ १४,५०० आहे, भत्ता धरून २२,९१०, म्हणजे महिन्याला सुमारे ४,००० जास्त, आणि वरच्या हिशोबातले राज्याचे ३,००० त्यातलेच बरेचसे भरून काढतात. टेकडीपलीकडच्या ऑफिसबद्दल मात्र मी तिथले व्यवहार वर्षभर मोजल्याशिवाय बोलणार नाही, तिथे बँक मित्र आहे का, तो रोज बसतो का, आणि तिथल्या बायका आत्ता कुठे जातात हे आधी त्यांनाच जाऊन विचारावं लागेल.